थांबलेल्यांची नावं

सुरतेत उधना स्टेशन ओलांडून रुळांच्या कडेकडेनं गेलं की दिंडोलीच्या अलीकडे नवागाम लागतं. कधीकाळी हा पट्टा शेतांचा होता. आता खोलीला खोली लागून आहे, आणि त्या खोल्यांमध्ये धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतली गावंच्या गावं येऊन उतरली आहेत. शिरपूरचं कुणी, साक्रीचं कुणी, कुणी अमळनेर-पारोळ्याचं. पुरुष लूमच्या खात्यात, मिलमध्ये, नाहीतर रिंगरोडच्या मार्केटात. बाया दाराशी बसून साड्यांचे धागे कापतात, टिकल्या लावतात. शेठशी बोलायला गुजराती, शाळेत मराठी, आणि भांडायला, रडायला, लाड करायला अहिराणी. श्रावणात कानबाई देवी बसते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरच्या वाटेला लागतात, आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी शेवभाजीचा वास आला की आपण गुजरातेत आहोत हे क्षणभर विसरायला होतं.

अशा वस्तीतल्या प्रत्येक घराचा एक पाय गावाकडे असतो. ताप्ती लाइनची गाडी उधन्याहून निघते. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला पोचते. सुखाच्या दिवसांत ती लग्नाला नेते, पेरणीला नेते, म्हाताऱ्या आईला भेटवून आणते. संकटात तीच गाडी सुटकेची वाट होते. म्हणून सुरतेवर काही कोसळलं की नवागामच्या घराघरात पहिला प्रश्न एकच उठतो. जायचं की थांबायचं?

गेलेल्यांच्या गर्दीची छायाचित्रं निघतात, त्यांच्या बातम्या होतात. मला लिहायचं आहे ते थांबलेल्यांबद्दल.

आमच्या पिढीनं हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तो १९९४च्या सप्टेंबरात. आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपानं मराठवाडा उद्ध्वस्त केला होता. त्याच मराठवाड्यातून, बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून, ऑगस्ट १९९४मध्ये प्लेगची बातमी आली. त्या पावसाळ्यात तापीला पूर आला होता. पाणी ओसरलं तेव्हा सुरतेच्या सखल वस्त्यांत चिखल, कचरा आणि मेलेली जनावरं उरली होती. गणपती उठले, आणि दोन-तीन दिवसांत वेडरोड-कतारगामकडून तापानं, रक्ताच्या थुंकीनं माणसं दगावल्याचं कानावर यायला लागलं. फुफ्फुसाचा प्लेग. शब्द कळायच्या आधी भीती पोचली. मेडिकलच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. लोक तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे धावले. थोड्याच दिवसांत काही लाख माणसांनी शहर सोडलं.

मी लहान होते. आईनं आम्हा भावंडांना उधन्याच्या फलाटावरून डब्यात अक्षरशः ढकललं, एवढं आठवतं. गर्दीत घामाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता, कारण कुणीतरी सांगितलं होतं की डांबराच्या गोळ्या रुमालात बांधून हुंगल्या की रोग लागत नाही. त्याच फलाटावर आमच्या चाळीतले एक काका होते. सिव्हिलमध्ये, म्हणजे न्यू सिव्हिल हॉस्पिटलात, वॉर्डबॉय. त्यांनी बायको-पोरांना आमच्याच डब्यात बसवलं, पोटल्या खिडकीतून आत दिल्या. गाडी सुटेपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की तेही चढणार. ते चढले नाहीत. काकू खिडकीतून रडायला लागल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मी गऊ ते त्यासले पानी कोन देई?” मी गेलो तर त्यांना पाणी कोण देईल. एवढं बोलून ते पुलाच्या पायऱ्या चढून निघून गेले. त्यांची दुपारची ड्यूटी होती.

त्या दिवसांत शहरातल्या कितीतरी खाजगी दवाखान्यांना कुलपं लागली होती. सगळा भार सिव्हिलवर आला. तिथले डॉक्टर, शिकाऊ डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार आणि रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, एवढ्यांच्या बळावर तो वॉर्ड उभा राहिला. देशभरात मिळून अधिकृत मृत्यू ५६ झाले. फुफ्फुसाच्या प्लेगची ख्याती पाहता हा आकडा फार मोठा होऊ शकला असता. औषध वेळेत रुग्णाच्या तोंडात पडलं म्हणून तो तेवढ्यावर थांबला, आणि औषध आपोआप तोंडात पडत नाही. ते कुणाच्या तरी हातानं जावं लागतं. ज्या हातांनी ते गेलं, त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कुठेही लिहिलेली सापडत नाहीत. काका पुढे निवृत्त झाले, गावी गेले, आणि वारले. त्यांच्या दशक्रियेला जमलेल्यांत त्या फलाटावरची गोष्ट ठाऊक असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

गेलेल्यांना मी दोष देत नाही. आम्हीच गेलो होतो. कडेवर पोर असलेल्या बाईनं रोगापासून पळायचं नाही तर काय करायचं? गेलेले आणि राहिलेले एकाच घरातले होते; एकानं पोरं सांभाळली, दुसऱ्यानं शहर सांभाळलं. पण पोरं सांभाळणाऱ्याला निदान त्याची पोरं आठवण ठेवतात. शहर सांभाळणाऱ्याची आठवण शहरानं ठेवायला हवी.

मराठी माणसाच्या स्मरणात प्लेग आणि सेवा हे दोन शब्द एकत्र येतात ते सावित्रीबाई फुलेंमुळे. १८९७मध्ये पुण्यात प्लेगनं थैमान घातलं होतं. डॉक्टर असलेला मुलगा यशवंत याच्या मदतीनं सावित्रीबाईंनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या, त्यांना स्वतःला लागण झाली, आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. त्या आधीपासूनच मोठ्या होत्या, म्हणून ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली. पण त्याच मळ्यात त्यांच्या शेजारी पाणी तापवणारं, घाण उपसणारं, खाटा उचलणारं कुणीतरी असणारच. सावित्रीबाईंना हात जोडताना माझ्या मनात दर वेळी ती माणसं येतात. सावित्रीबाईंनी आयुष्यभर ज्यांच्यासाठी काम केलं, त्यांतलीच असतील ती.

सुरत मात्र त्या आघातातून अशी उठली की देशानं पाहत राहावं. मे १९९५मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी खुर्च्या सोडून सकाळी वॉर्डात उतरायचं, हा त्यांचा पहिला दंडक. शहराचे झोन पाडून अधिकार त्या त्या झोनकडे दिले, रस्ते रात्री झाडले जाऊ लागले, झोपडवस्त्यांत फरशी, नळ आणि संडास पोचले. पुढच्या एक-दोन वर्षांतच ‘इंटॅक’ या संस्थेनं चंदीगडच्या पाठोपाठ सुरतेला देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरवलं. आणि ११ जानेवारी २०२४ला, प्लेगला तीस वर्षं होत आली असताना, स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेचा क्रमांक इंदूरसोबत देशात पहिला लागला. रावांचं श्रेय रावांना द्यायलाच हवं, आणि सुरतेनं ते मोकळ्या मनानं दिलं. पण रात्री दोन वाजता रिंगरोडवर खराटा चालवणारी बाई हे त्या क्रमांकाचं दुसरं नाव आहे. समाजानं पिढ्यानपिढ्या ज्या जातींना याच कामाला जुंपून ठेवलं, त्यांतली ती बहुतेक असते. शहर झोपलेलं असताना ती येते आणि शहर जागं व्हायच्या आत जाते. तिचा चेहरा आपल्याला माहीत नसण्याचं खरं कारण हे आहे.

मग २०२० आलं, आणि कोरोना.

२२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता नवागामच्या गच्च्यांवरही थाळ्या वाजल्या. ३ मेला देशभरातल्या रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. त्या दोन तारखांच्या मधे टाळेबंदी लागली, लूम बंद झाले, आठवड्याचा पगार बंद झाला, आणि ताप्ती लाइनची गाडीही बंद झाली. १९९४मध्ये निदान पळायची वाट होती. या वेळी तीही नव्हती. त्या वर्षीची आखाजी २६ एप्रिलला आली, आणि नवागामची एकही लेक माहेरी गेली नाही. पुष्कळ कामगार बारडोली-व्यारा-नवापूरच्या रस्त्यानं पायी निघाले. पहिल्या लाटेत आमच्या लिंबायत झोनचं नाव रोज बातम्यांत असे, आणि शहरातल्या इतर भागांतले लोक आमचा पत्ता ऐकून दोन पावलं मागे सरकत.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत कोण यायचं? आशाबेन, म्हणजे आमच्या वस्तीची आशा कार्यकर्ती, यायची. खांद्याला पिशवी, हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर. ती दार वाजवत नसे, कडी हलवत असे, मग चार पावलं मागे जाऊन उभी राहत असे. “कोणाले ताप-खोकला शे का?” हा प्रश्न ती दिवसभर दारोदार विचारायची. घरं खोटं बोलायची. खरं सांगितलं तर दारावर पट्टी लागेल, कामावरून काढतील, ही भीती. आशाबेनला ते कळायचं. ती वाद घालत नसे, फक्त घराबाहेर किती चपला आहेत ते बघायची. नेहमीपेक्षा एक जोड जास्त दिवस न हललेला दिसला, की ती संध्याकाळी पुन्हा यायची, हळू आवाजात बोलायची, आणि आतल्या माणसाचं बोट ऑक्सिमीटरमध्ये घालून घ्यायची. तिनं अशी किती माणसं वेळेत महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात पाठवली, ते तिच्या नोंदवहीला ठाऊक. तिच्या स्वतःच्या घरी दमेकरी सासू होती. ती रोज दाराबाहेर आंघोळ करून घरात शिरायची.

आणि एप्रिल २०२१. त्या महिन्याबद्दल लिहिताना आजही हात जड होतो. रेमडेसिव्हिरसाठी रांगा, खाटांसाठी रांगा, आणि शेवटी स्मशानातही रांगा. नवागामात एक टेम्पोवाले दादा आहेत. एरवी ते साड्यांची पार्सलं मार्केटात पोचवतात. मार्केट बंद होतं, टेम्पो उभा होता. एका रात्री शेजारच्या घरात माणूस घुसमटायला लागला तेव्हा दादांनी कुठून तरी ऑक्सिजनचा बाटला आणला, आणि मग तो महिनाभर त्यांचा टेम्पो बाटलेच वाहत राहिला. भरलेला पोचवायचा, रिकामा उचलायचा, भरून आणायला रांगेत उभं राहायचं, कधी पहाटेपर्यंत. कुणी पैशांचं विचारलं की म्हणायचे, “पैसानं मांगून पाहूत, पहिले बाटला लाव.” पैशांचं मागाहून पाहू, आधी बाटला लाव.

त्यांची एक वही मी पाहिली आहे. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, पार्सलांचा हिशेब लिहायची. मार्चच्या पानांवर मार्केटांची नावं, दुकान नंबर, नगांची संख्या. एप्रिलपासून त्याच रकान्यांत माणसं येतात. पहिल्या रकान्यात गल्ली आणि घर, दुसऱ्यात बाटला पोचला ती वेळ, तिसऱ्यात परत आला ती वेळ. काही ओळींत तिसऱ्या रकान्यात वेळेशेजारी ‘बरे’ असं लिहिलं आहे. काही ओळींत वेळेशेजारी काहीच नाही. पेन मधेच बदललं आहे, एका पानावर पाणी सांडून शाई पसरली आहे. दादा सातवीपर्यंत शिकलेले. अक्षर वळणदार नाही, पण एकही ओळ चुकवलेली नाही. त्या महिन्यात आमच्या गल्ल्यांवर काय गुजरलं याचा माझ्या माहितीतला एकमेव लेखी पुरावा ती वही आहे. आणि त्या वहीत टेम्पो कुणी चालवला ते कुठेच लिहिलेलं नाही.

नदीकाठच्या अश्विनीकुमार स्मशानभूमीजवळ तीन पानांचा वड आहे. दानशूर कर्णाचं दहन तापीच्या त्या काठावर झालं, अशी सुरतेत श्रद्धा आहे. सगळं देऊन टाकलेल्या, पण हयातीत कुळाचं नाव न मिळालेल्या त्या माणसाची आठवण जिथे जपली जाते, तिथेच २०२१च्या एप्रिलमध्ये शहरानं आपली माणसं एकामागून एक आणली. भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या राहून त्यांचे लोखंडी भाग वितळू लागल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. लोखंड थकलं. माणसं उभी राहिली. पीपीई किटच्या आत घामानं निथळत ज्यांनी दुसऱ्यांच्या आईबापांना अग्नी दिला, कारण सख्ख्यांना जवळ जायची परवानगी नव्हती किंवा धीर नव्हता, त्यांचं ऋण कसं फेडायचं? एकता ट्रस्टचे अब्दुल मलबारी आणि त्यांचे सहकारी सुरतेत कित्येक वर्षं बेवारस मृतांना ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे निरोप देत आले होते. कोरोनात तेच हात पुन्हा पुढे आले. मलबारींचं नाव शहराला माहीत आहे, याचा मला आनंद आहे. त्यांच्यासोबत तिरडीला दुसऱ्या बाजूनं खांदा देणाऱ्यांचीही नावं माहीत असायला हवीत.

लाट ओसरल्यावर सत्कार झाले. नवागामच्या चौकात मांडव पडला, देशभक्तीची गाणी लागली, शाल-श्रीफळ आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र देण्यात आलं. मी त्या सत्कारांना कमी लेखत नाही. आमची आशाबेन व्यासपीठावर गेली तेव्हा तिची सासू पहिल्या रांगेत बसली होती, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. ते प्रशस्तिपत्र आज त्यांच्या देवघराशेजारी टांगलेलं आहे. माणसाला माणसांसमोर ‘तू केलंस’ असं म्हटलं जाण्याची फार गरज असते. पण सत्कार दोन तासांचा असतो, आणि काम रोजचं. २२ मे २०२२ला जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक सन्मान केला. साऱ्या जगानं हात जोडले. पण सरकारच्या लेखी त्या आजही स्वयंसेविकाच आहेत. कामागणिक मोबदला मिळतो, नियमित पगार नाही. देशातल्या कित्येक शहरांत सफाई कामगार आजही ठेकेदाराकडे आहेत, आणि गटारात उतरून गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या अजूनही येतात, हातानं मैला उपसायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा असूनही. ज्याला काल वीर म्हटलं, त्याला आज हातमोजे आणि गमबूट मिळत नसतील, तर कालच्या शब्दाला अर्थ उरत नाही.

माझ्या लेखी सन्मानाचे दोन भाग आहेत, आणि दोन्ही आपल्या आवाक्यातले आहेत. पहिला भाग नोंदीचा. आपल्या वस्त्यांत माणसं मावशी, काका, दादा, बेन म्हणून ओळखली जातात. त्यात माया आहे, पण त्या मायेत नाव विरून जातं, आणि पुढच्या पिढीला ‘एक काका होते’ एवढंच कळतं. म्हणून नाव, आडनाव, मूळ गाव, काम आणि त्यांनी केलं ते, एवढं त्यांच्या परवानगीनं लिहून काढायला हवं. हे काम वस्तीतली पोरं करू शकतील. महापालिकेच्या मराठी शाळा सुरतेत आहेत. सहावी-सातवीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत हाच प्रकल्प द्या. मुलं घरोघर जातील, विचारतील, लिहितील, आणि त्यातून त्यांना कळेल की इतिहासाच्या पुस्तकातली माणसं आणि आपल्या चाळीतली माणसं एकाच मातीची असतात. कानबाईच्या उत्सवात, गणपतीच्या मांडवात त्या यादीचं वाचन व्हावं. देणगीदारांची नावं आपण माइकवरून वाचतोच. जीव देणगीत टाकणाऱ्यांची त्याआधी वाचावीत.

दुसरा भाग हक्काचा. वॉर्ड कार्यालयात जाऊन आपण रस्त्याची, दिव्याची, पाण्याची तक्रार करतो. त्याच खिडकीवर हेही विचारायचं की आमच्या गल्लीत येणाऱ्या सफाई कामगाराला हातमोजे मिळतात का, तिचा पगार वेळेवर होतो का, आशाताईचा मोबदला थकला आहे का. मत मागायला येणाऱ्याला हाच प्रश्न विचारायचा. पुढचं संकट येणार आहे. लिंबायतच्या खाडीला पूर येईल, नाहीतर एखादा नवा ताप येईल. तेव्हा पुन्हा हीच माणसं पुढे येतील, कारण त्यांचा स्वभावच तसा आहे. ती येतील तेव्हा त्यांच्या हातात मोजे असावेत आणि घरात धान्य असावं, याची तजवीज संकट नसताना करायची असते.

हे वाचणारे तुम्ही नवागामचे असा, पुण्याचे, नागपूरचे नाहीतर बेळगावचे. तुमच्याही गल्लीत एक काका, एक आशाबेन, एक टेम्पोवाले दादा असणारच. ते हयात आहेत तोवर त्यांच्याकडे जा, त्यांच्यासमोर बसा, त्यांचं पूर्ण नाव विचारा आणि वहीत लिहून घ्या. उद्यावर टाकू नका.